काचा फोडणारी आयरिश बाई आणि आपलं फर्ग्युसन

गच्चीवरची | सोमवार, रात्री ९:४०

सव्वीस जानेवारीला सोसायटीचं झेंडावंदन झालं. जिलबी-पापडी खाऊन घरी पोचते न पोचते तोच बिल्डिंगच्या ग्रुपवर फॉरवर्ड हजर: तुम्हाला माहीत आहे का, आपलं राष्ट्रगीत एका आयरिश बाईने संगीतबद्ध केलंय! खाली नेहमीप्रमाणे चौदा जोडलेले हात आणि एक झेंडा. माझा स्वभाव वाईट, असलं काही आलं की तपासल्याशिवाय चैन पडत नाही. तपासायला बसले आणि राष्ट्रगीत राहिलं बाजूला, बाईच सापडली.

मार्गारेट कझिन्स. माहेरच्या गिलेस्पी. जन्म ७ नोव्हेंबर १८७८, आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल नावाच्या छोट्या गावात. वडील कोर्टात कारकून, घर मेथॉडिस्ट, भावंडांची ही लांबलचक रांग आणि ही सगळ्यांत थोरली. म्हणजे आपल्याकडच्या थोरल्या लेकीचं जे होतं तेच, धाकट्यांना सांभाळता सांभाळता स्वतःचं शिकायचं. पण पोरगी हुशार. शिष्यवृत्ती मिळवून उत्तरेकडच्या डेरी शहरातल्या शाळेत गेली, मग डब्लिनला संगीत शिकायला. १९०२ मध्ये संगीताची पदवी घेतली. १९०३ मध्ये जेम्स कझिन्स या बेलफास्टच्या कवी-मास्तराशी लग्न. दोघंही शाकाहारी, पुढे दोघंही थिऑसॉफिस्ट (सगळ्या धर्मांचं मूळ एकच मानणारा, ॲनी बेझंटबाईंचा पंथ). आयर्लंडात १९०३ साली शाकाहारी! माझा मामेभाऊ २०१९ मध्ये गेला होता तर महिनाभर चीज सँडविचवर होता.

१९०८ च्या नोव्हेंबरात या दोघांनी हॅना आणि फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन या जोडप्याबरोबर आयरिश विमेन्स फ्रँचाइज लीग काढली. हॅना चिटणीस, ही खजिनदार. मागणी एकच, बायकांना मत. फिनिक्स पार्कमध्ये उघड्यावर सभा, गावोगाव दौरे, लोकांच्या शिव्या. १९१० मध्ये लंडनला जाऊन पंतप्रधानांच्या घराच्या काचा फोडल्या, महिनाभर हॉलोवे तुरुंगात. जानेवारी १९१३ मध्ये डब्लिन किल्ल्याच्या काचा फोडल्या, पुन्हा महिनाभर, या खेपेला टुलामोरच्या तुरुंगात, आणि तिथे उपोषण.

आता पुण्याचा भाग. ५ जानेवारी १९२७. फर्ग्युसन कॉलेज. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन. देशभरातून ५८ प्रतिनिधी, उद्घाटनाला दोन हजारांवर माणूस. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. आणि हे सगळं पत्रापत्री करकरून जुळवून आणणारी कोण? हीच, काचा फोडणारी.

मी फर्ग्युसनात पाच वर्षं काढली. रस्त्यावरच्या वैशाली हॉटेलात किती तास घालवले त्याचा हिशेब मांडला तर आई अजून बोलेल. कॉलेजात कोण कोण शिकून गेलं याची यादी आम्हाला पाठ होती, पण ही परिषद इथे झाली हे मला पन्नाशीत फॉरवर्डमुळे कळलं. जाणकारांनी भर घाला.


खडीसाखर | सोमवार, रात्री १०:०५

मस्त विषय! खुर्ची टाकून बसलेय.


तिरकस | सोमवार, रात्री १०:३१

आला. दर जानेवारीत एक गोरी बाई आपल्याला जागं करायला येते, तसा हा धागा.

सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली १८८२ मध्ये, तेव्हा ही कझिन्सबाई चार वर्षांची होती. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात पंडिता रमाबाई प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. आणि श्रेय कुणाला, तर जहाजातून उतरलेल्या मॅडमना. बाकी चालू द्या.


गच्चीवरची | सोमवार, रात्री १०:४४

तिरकस, नावाला जागलात. मी 'जागं केलं' असं कुठे म्हटलंय ते दाखवा. 'जुळवून आणणारी' म्हटलंय. पंगत बसवणारा वाढपी म्हणजे यजमान नव्हे, पण तो नसला की पान वाढलं जात नाही.


षड्ज | मंगळवार, सकाळी ६:५०

पहाटेचा रियाज उरकला आणि हा धागा दिसला. फॉरवर्डचा निकाल आधी लावतो, म्हणजे बाकीच्यांना बाईंवर बोलता येईल.

चाल टागोरांची. गाणं पहिल्यांदा जाहीरपणे गायलं गेलं २७ डिसेंबर १९११ ला, काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात. तेव्हा कझिन्सबाई डब्लिनात होत्या, हिंदुस्थानात त्या आल्याच १९१५ मध्ये. मग त्यांचं नाव कुठून आलं? तर मदनपल्लीहून. आंध्रातलं चित्तूरच्या बाजूचं गाव. तिथल्या थिऑसॉफिकल कॉलेजात नवरा प्राचार्य आणि या शिकवायला. फेब्रुवारी १९१९ मध्ये टागोर तिथे विश्रांतीला राहिले होते. एका संध्याकाळी मुलांच्या मेळाव्यात त्यांनी हे गाणं म्हणून दाखवलं. जेम्स कझिन्स यांनी त्या संध्याकाळचं मजेशीर वर्णन केलंय. आधी वाटलं की हा काय भूगोलाचा तास, प्रांत, डोंगर, नद्यांची यादी. दुसऱ्या कडव्यात धर्मांची यादी. पण पालुपद आलं तसे सगळ्यांचे कान टवकारले, मग घसे खाकरले गेले, आणि थोड्याच वेळात सगळं सभागृह 'जय हे' म्हणत होतं.

बाईंनी काय केलं, तर टागोरांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावून ती चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेतली. टागोरांनी तिथेच २८ फेब्रुवारीला गाण्याचं इंग्रजी भाषांतर स्वतःच्या हाताने लिहून दिलं. एवढंच, आणि हे 'एवढंच' काही लहान नाही. तोंडी चाल गावोगाव फिरली की तिचं काय होतं हे आम्हा शिकवणाऱ्यांना विचारा. माझ्याच क्लासातली पोरं तिसऱ्या आठवड्यात बंदिशीचा मुखडा बदलून आणतात आणि वर 'तुम्हीच असा सांगितला' म्हणून भांडतात. कुणीतरी कागदावर धरून ठेवावं लागतं.

(अवांतर: पुढे आझाद हिंद सेनेने याच गाण्यावरून केलेल्या 'शुभ सुख चैन'ला कॅप्टन रामसिंग ठाकुरींनी बसवलेलं संगीत, आणि हर्बर्ट मरिल यांनी केलेली वाद्यवृंदाची रचना, हे आणखी वेगळे धागे. फॉरवर्डवाले या सगळ्यांची भेळ करतात.)


खडीसाखर | मंगळवार, सकाळी ८:१५

षड्ज, दंडवत. हा प्रतिसाद कॉपी करून आमच्या ग्रुपवर टाकू का?


षड्ज | मंगळवार, सकाळी ८:२०

टाका. चौदा हात जोडले जातील.


लिफीकाठचा | मंगळवार, दुपारी ४:१२

डब्लिनहून हजेरी. इथे नऊ वर्षं आहे, आणि या बाईंबद्दल कळलं ते उलट बाजूने. ऑफिसातल्या एका आयरिश सहकाऱ्याने विचारलं, "तुमच्याकडे मार्गारेट कझिन्स प्रसिद्ध असतील ना?" मी मान डोलावली आणि जेवणाच्या सुट्टीत गुपचूप शोधलं.

डब्लिन किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिंहगड नाहीतर रायगड येतो. तसं काही नाही. शहराच्या मधोमध असलेली सरकारी कचेऱ्यांची वस्ती, एका कोपऱ्यात जुना बुरूज. पण इंग्रजांचं सगळं राज्य इथून चालायचं, म्हणून इथली काच फोडणं म्हणजे थेट सरकारच्या तोंडावर दगड. मागच्या बाजूला शिप स्ट्रीट आहे, अरुंद, दगडी. तिथल्या भिंतीवर हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्या नावाची पाटी आहे, कारण त्यांनीही जून १९१२ मध्ये इथेच काचा फोडल्या होत्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस होता (केव्हा नसतो?) आणि पाटीखाली एक पोरगा सायकल टेकवून चिप्स खात उभा होता. मी पाटी वाचतोय म्हटल्यावर बिचारा बाजूला सरकला.

काचा का फोडल्या हे इथे आल्याशिवाय मला नीट कळलं नव्हतं. भांडण दुहेरी होतं. आयरिश राष्ट्रवादी पुढारी म्हणायचे, आधी होमरूल (म्हणजे स्वराज्य), बायकांचं नंतर बघू. लंडनच्या पार्लमेंटात मार्च १९१२ मध्ये बायकांच्या मताचं विधेयक पडलं, ते पाडण्यात रेडमंड यांच्या आयरिश पक्षाच्या मतांचा मोठा हात होता. म्हणजे स्वतःच्याच देशाचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी स्वतःच्याच देशातल्या बायकांना दार लावलं. २८ जानेवारी १९१३ ला मार्गारेट आणि तिच्या मैत्रिणींनी किल्ल्याच्या काचा फोडल्या तेव्हा लंडनला वरच्या सभागृहात होमरूलवरच चर्चा चालू होती.

बॉइलला पण जाऊन आलो. स्लायगोला जाणारी गाडी तिथे थांबते. गाव एका हमरस्त्यात संपतं, बाराव्या शतकातल्या मठाचे अवशेष सोडले तर बघायला फार नाही. टुलामोर तर आता लोकांना व्हिस्कीच्या बाटलीमुळे माहीत. मी तिथे गेलो होतो ते याच बाईंसाठी, पण घरी कुणाचा विश्वास बसलेला नाही.


निवृत्त_मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

उत्तम माहिती. लिफीकाठच्या महाशयांस धन्यवाद.

एक दुरुस्ती वजा पुरवणी. पुण्याशी बाईंचा संबंध १९२७ पासूनचा नव्हे, त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीचा. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केलं, त्याच्या पहिल्या बिगरभारतीय सदस्य म्हणून मार्गारेटबाईंचंच नाव येतं. हिंगण्याला तेव्हा काय होतं? माळरान, काही इमारती, आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचं कर्व्यांचं खूळ (लोक तेव्हा खूळच म्हणत). आयर्लंडात स्वतःची भाषा मरताना पाहिलेल्या बाईला ते खूळ वाटलं नसावं, असा माझा तर्क. तर्कच आहे, पुरावा मागू नये.

त्यांच्या यजमानांबद्दल यावरून आठवलं. कन्नडचे महाकवी कुवेंपु तरुणपणी इंग्रजीत कविता करत. जेम्स कझिन्स म्हैसूरला असताना त्यांनी त्या कविता मोठ्या उत्साहाने दाखवल्या. कझिन्स म्हणाले, तुमच्या भाषेत काय लिहिलंय ते सांगा. बाकीचं कन्नडिगांना ठाऊक आहे. माणूस स्वतः आयुष्यभर इंग्रजीत लिहीत राहिला आणि दुसऱ्याला मातृभाषेचा रस्ता दाखवून गेला.


तिरकस | मंगळवार, रात्री ९:०२

मास्तर, नमस्कार. तुमच्यापुढे जीभ आवरतो, पण प्रश्न तोच. १९१७ मध्ये मद्रासजवळ अड्यारला, थिऑसॉफिस्टांच्या मुख्य ठाण्यावर, विमेन्स इंडियन असोसिएशन निघालं. त्याच्या सुकाणूवर तीन बायका: ॲनी बेझंट, डोरोथी जिनराजदास, मार्गारेट कझिन्स. एकही इथली नाही. त्यांच्या मासिकाचं नाव 'स्त्रीधर्म'. प्राचीन भारतात स्त्री देवीसमान होती, मधल्या काळात घसरण झाली, हा सगळा थिऑसॉफिस्टांचा मसाला. जोतिबांनी जे खरवडून काढलं त्यावरच पुन्हा चुना फासायचा. चुकतोय का मी?


गच्चीवरची | मंगळवार, रात्री ९:४८

मसाल्याबद्दल अर्धं मान्य. त्या काळचे त्यांचे लेख वाचले की मलाही अधूनमधून घास अडकतो. पण मासिकाच्या नावावरून आतला मजकूर ठरवू नका. इंग्रजीबरोबर तमिळ, तेलुगू, हिंदीत मजकूर असायचा, आणि त्यात मताधिकार, बालविवाह, शिक्षण, पगार हे सगळं यायचं.

आणि मताधिकाराची गंमत ऐका. १९१७ च्या शेवटी भारतमंत्री माँटेग्यू इकडे आले होते, पुढच्या सुधारणांसाठी लोकांची गाऱ्हाणी ऐकायला. बाईंनी बायकांच्या शिक्षणाबद्दल बोलायला वेळ मागितली. उत्तर आलं की फक्त राजकीय विषयावरच्या शिष्टमंडळांना वेळ देतोय. ठीक आहे, मग राजकीयच बोलू! असं म्हणून मागणीपत्रात मताचा हक्क घातला. १८ डिसेंबर १९१७ ला मद्रासला शिष्टमंडळ गेलं ते सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली. त्यात आपल्या डॉ. नागूताई जोशीही होत्या, सर मोरोपंत जोशींची लेक, पुढे राणी लक्ष्मीबाई राजवाडे झाल्या त्या. मसुदा कझिन्सबाईंचा, तोंड सरोजिनीबाईंचं.

तुमच्या 'श्रेय कुणाला'चं उत्तर माझ्या मते इथेच आहे. डब्लिनात ही बाई स्वतः दगड घेऊन पुढे. इकडे आल्यावर कायम एक पाऊल मागे. हे मला फार विलक्षण वाटतं. चळवळीत पुढे असणाऱ्याला मागे उभं राहायला सांगून बघा, आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव समितीत दोन माजी अध्यक्ष आहेत, दोघंही अजून माईक सोडत नाहीत.


वाचनमात्र | मंगळवार, रात्री ११:२०

पाच वर्षं नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहिते.

मागणी केली म्हणजे मत मिळालं का? मध्ये काय झालं ते सांगा ना.


निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ७:१०

स्वागत आहे. पहिलाच प्रश्न नेमका विचारलात.

लगेच नाही मिळालं. सुधारणांसाठी मताधिकाराची जी साउथबरो समिती आली, तिने नकार दिला. इथल्या पुराणमतवादी समाजाला हे झेपणार नाही, हे कारण. मग १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिथन लंडनला गेल्या, पार्लमेंटच्या सभासदांच्या दारोदार फिरल्या. (ही मिथन पुढे बॅरिस्टर मिथन लाम.) अखेर पार्लमेंटने चेंडू प्रांतांच्या कोर्टात टोलवला: तुमच्या तुमच्या कौन्सिलांनी ठरवा. मद्रास कौन्सिलने १९२१ च्या एप्रिलमध्ये ठराव केला, मुंबईने त्याच वर्षी जुलैत. अर्थात मालमत्तेची अट होती, त्यामुळे हाताच्या बोटांवर मोजाव्यात अशाच बायका मतदार झाल्या. मोलकरणीला मत नव्हतं, आणि तिच्या मालकिणीलाही बहुधा नव्हतंच, कारण घर नवऱ्याच्या नावावर.

एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. खुद्द आयर्लंड-इंग्लंडात १९१८ मध्ये मत मिळालं ते तिशी ओलांडलेल्या आणि अटीत बसणाऱ्या बायकांना. म्हणजे बाई तिकडून निघाल्या तेव्हा तिकडेही मत नव्हतं. ज्या हक्कासाठी दोनदा तुरुंगात गेल्या तो मिळाला तेव्हा त्या मदनपल्लीत मुलांना शिकवत होत्या.


नागपुरी_संत्रं | बुधवार, दुपारी १:३५

सगळे पुण्यावर थांबलेत म्हणून नागपूरची नोंद करून ठेवते.

हीच महिला परिषद डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात भरली होती. तिथे जाईबाई चौधरी गेल्या होत्या. जाईबाई कोण? लहानपणी आणि पुढेही हमाली केलेली बाई, शिकली, शिक्षिका झाली, नागपुरात दलित मुलींसाठी शाळा चालवली. परिषदेच्या जेवणाच्या वेळी त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांना वेगळं, लांब बसवलं गेलं. 'अखिल भारतीय' बायकांच्या परिषदेत. १ जानेवारी १९३८ ला नागपूरच्या दलित बायकांनी सभा घेऊन त्याचा निषेध केला, आणि स्वतःची संघटना स्वतः बांधायची ही गोष्ट तिथून आणखी पक्की होत गेली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, अहमदाबादच्या अधिवेशनाच्या अध्यक्षा मार्गारेट कझिन्स होत्या. त्यांनी कुणाला लांब बसवलं असं मी म्हणत नाही. पण गच्चीवरची ताई, तुमची पंगत आणि वाढपी हा दाखला वाचला आणि थांबले. पंगत कुणासाठी मांडली होती हेही बघावं लागतं.


गच्चीवरची | बुधवार, दुपारी २:२०

नागपुरी, दाखला मागे घेते. पंगतीचाच दाखला सुचावा हे माझ्या तोंडून नकळत गेलं, आणि ते नकळत गेलं हेच वाईट.

जाईबाईंवर स्वतंत्र धागा काढाल का? मी लिहिलं तर वरवरचं होईल.


तिरकस | बुधवार, दुपारी २:४१

+१. नागपुरी, लिहाच. आणि गच्चीवरची, मागे घेतलंत ते आवडलं. इथे सहसा दाखल्यासाठी तीनशे प्रतिसाद होतात.


लिफीकाठचा | बुधवार, संध्याकाळी ६:००

थोडं हलकं. कझिन्स दांपत्याकडे १९०४ च्या जूनमध्ये एक बेघर तरुण काही दिवस राहायला होता. नाव जेम्स जॉइस, पुढे जगप्रसिद्ध झालेला आयरिश लेखक. त्यांच्या घरचं शाकाहारी जेवण त्याला बिलकुल मानवलं नाही, पोट बिघडलं म्हणून त्याने पळ काढला आणि खापर फोडलं सलगमावर. पुढे त्याच्या 'युलिसिस' या गाजलेल्या कादंबरीत स्टीफन हे पात्र आपल्या देण्यांची यादी आठवतं, त्यात कझिन्सचे दहा शिलिंग आहेत. इथे दरवर्षी १६ जूनला त्या कादंबरीचा दिवस साजरा होतो, लोक जुने कपडे घालून फिरतात, कलेजी खातात. सलगमाची कुणाला आठवण नसते.

खाऊ घातलेल्या बाईचं नाव नाही, उधारी मात्र अजरामर.


खडीसाखर | बुधवार, संध्याकाळी ६:२२

पुण्यात असता तर म्हणाले असते, "जेवून आलाच असाल."


षड्ज | बुधवार, रात्री ८:४५

एक राहिलं. हॅनाबाईंचे यजमान फ्रान्सिस यांचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही. १९१६ च्या ईस्टरला डब्लिनात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, त्यात ते लढतही नव्हते, युद्धविरोधी माणूस. शहरात लुटालूट थांबवा म्हणून सांगत फिरत होते. त्यांना धरून पोर्टोबेलो बराकीत नेलं आणि २६ एप्रिलला ब्रिटिश सैन्यातल्या एका कॅप्टनच्या हुकुमाने गोळ्या घातल्या. ज्यांच्याबरोबर लीग काढली, त्यांच्या मरणाची बातमी कझिन्स मंडळींनी मद्रासला ऐकली. जेम्स तेव्हा बेझंटबाईंच्या 'न्यू इंडिया'त कामाला होते. त्यांनी उठावाच्या बाजूने लिहिलं आणि नोकरी गेली. मदनपल्लीला जाणं झालं ते यातून. तिकडे बंड झालं नसतं तर टागोर मदनपल्लीला आले त्या संध्याकाळी ही मंडळी तिथे असती का, असं माझ्या डोक्यात सारखं येतंय.


वाचनमात्र | बुधवार, रात्री १०:१०

बाप रे. आणि बाईंचं पुढे काय झालं? शेवट कसा झाला?


गच्चीवरची | बुधवार, रात्री ११:३०

वाचनमात्र, तुमच्यासाठी सविस्तर लिहिते, झोप तशीही उडालीय.

पुण्याचं अधिवेशन जुळलं कसं ते आधी. बंगालचे शिक्षण संचालक ओटन एका कॉलेजच्या बक्षीस समारंभात म्हणाले, बायकांना कसलं शिक्षण हवंय ते त्यांनी एकमुखाने सांगावं. बोलून गेले, नेहमी बोलतात तसं. बाईंनी ते शब्दशः धरलं. १९२६ मध्ये गावोगावच्या महिला संस्थांना पत्रं घातली: आधी आपापल्या ठिकाणी परिषद भरवा, मागण्या ठरवा, प्रतिनिधी निवडा, मग सगळ्या एकत्र येऊ. फोन नाही, काही नाही, नुसतं पोस्ट. आणि जमल्या की बायका! बडोद्याच्या महाराणी अध्यक्ष, सांगलीच्या राणीसाहेब स्वागताला, बाकी शिक्षिका, डॉक्टर, समाजकार्य करणाऱ्या. विषय शिक्षणाचा ठरला होता, पण मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी होत असतील तर शाळेत बसणार कोण? म्हणून संमतिवयाच्या विधेयकाला पाठिंब्याचा ठराव पहिल्याच अधिवेशनात आला.

अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं नाही. ते १९३६ मध्ये आलं, नऊ वर्षांनी. कमलादेवी चट्टोपाध्याय १९२६ मध्ये मद्रास कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या त्यामागे याच. थोडक्यात पडल्या त्या, पण उभ्या राहिल्या. सरकारने याच काळात बाईंना मानद मॅजिस्ट्रेट केलं, भारतातली पहिली बाई मॅजिस्ट्रेट. आणि मग १९३२ च्या डिसेंबरात सरकारच्या वटहुकमांविरुद्ध मद्रासला जाहीर भाषण केलं म्हणून त्याच सरकारने वर्षभरासाठी वेल्लोरच्या तुरुंगात घातलं. चौपन्न वर्षांची बाई. हॉलोवे, टुलामोर, वेल्लोर. तीन देश, तीन तुरुंग, आणि पाठवणारं सरकार तिन्ही वेळा एकच. इकडे एकही काच फोडली नव्हती.

१९४३ च्या सुमारास अर्धांगाचा झटका आला. पियानो वाजवणारे हात. पैसा कधी साठवलाच नव्हता, मद्रास सरकारने आणि नेहरूंनी मदत केली तेव्हा चाललं. १९५० मध्ये नवरा-बायकोचं मिळून लिहिलेलं आत्मचरित्र आलं, आळीपाळीने एक प्रकरण त्यांचं, एक हिचं. त्यात लग्नाच्या पहिल्या वर्षाबद्दल, शरीरसंबंधांच्या नावडीबद्दलही ती सरळ लिहिते, त्या पिढीच्या बाईने लिहावं हे धाडसच. आणि एके ठिकाणी ती म्हणते की लढ्यात उतरायची फार इच्छा होती, पण आता पुढे येणाऱ्या इथल्या बायकांना माझी तशी गरज राहिली नाही, कदाचित मी नकोच आहे, हे मला जाणवलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यात तक्रार आहे की समाधान, ठरवता येईना.

११ मार्च १९५४ ला अड्यारला गेल्या. त्याच्या दोन वर्षं आधी इथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली होती. मालमत्तेची अट नाही, काही नाही, एकवीस वर्षांवरची प्रत्येक बाई मतदार.


तिरकस | गुरुवार, सकाळी ९:१५

वाचलं. माझा पहिला प्रतिसाद आहे तसाच राहू द्या, त्यातल्या सनावळ्या बरोबर आहेत. फक्त 'मॅडम' शब्द मागे घेतो. वेल्लोरमध्ये वर्ष काढलेल्या बाईला तो शोभत नाही.


निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी ९:४०

तिरकसांनी शब्द मागे घेतला, याची धाग्यात ठळक नोंद व्हावी.


नागपुरी_संत्रं | गुरुवार, सकाळी ११:०५

जाईबाईंचा धागा रविवारी टाकते. आईला विचारून काही जुने कागद बघायचे आहेत.


गच्चीवरची | गुरुवार, संध्याकाळी ७:५०

आज क्लासवरून येताना मुद्दाम फर्ग्युसनात शिरले. फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, "काम काय?" म्हटलं, शंभर वर्षांपूर्वी इथे बायकांची परिषद झाली होती, ती जागा बघायचीय. तो म्हणाला, "मॅडम, कार्यक्रम असला तर आम्हाला लेटर येतं. आलेलं नाही."

सोडलं मात्र आत. मुख्य इमारतीसमोरून चक्कर मारली, पायऱ्यांवर पाच-सहा मुली वही उघडून जोरजोरात भांडत होत्या, निवडणुकीचं काहीतरी चाललं होतं. १९२७ ची कुठली खूण मला तरी दिसली नाही, संध्याकाळ झाली होती, नीट बघताही आलं नाही. जानेवारी २०२७ ला शंभर वर्षं होतील. आपल्यापैकी पुण्यातले कोण कोण येतील ५ तारखेला? वॉचमनसाठी लेटर मी लिहिते.


खडीसाखर | गुरुवार, रात्री ८:०१

मी येते. नंतर वैशाली धरून.


लिफीकाठचा | गुरुवार, रात्री ८:३०

तारीख लिहून ठेवली. जमलं तर तिकीट काढतो. सलगम आणू का?